लिफाफा

गेल्या जानेवारीत एम. ए.च्या वर्गात आत्मपर लेखन शिकवत असताना फ्रान्सिस न्यूटन सूझा या चित्रकाराचा विषय निघाला. अभ्यासक्रमात सूझा कुठेही नाही. मीच त्याला ओढून आणला. चित्रकाराने शब्द हाती घेतले तर काय होते हे दाखवायचे होते, आणि १९५९ साली लंडनमध्ये निघालेले त्याचे ‘वर्ड्स अँड लाइन्स’ त्यासाठी सोयीचे होते. सांगता सांगता साळगावचे बालपण, मुंबईतले हाल, लंडनमधली उपासमार, मग यश, आणि त्याच्या मृत्यूनंतर ‘बर्थ’ या चित्राला आलेली किंमत असे सगळेच सांगून झाले. तास संपताना मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “म्हणजे शेवटी त्याचं चांगलंच झालं की, मॅडम.”

वर्ग हसला. मीही हसले. पण कळंब्याला घरी येईपर्यंत ते ‘शेवटी’ आणि ते ‘चांगलंच’ डोक्यातून जाईनात. मुलीची चूक नव्हती. गोष्ट मीच तशी सांगितली होती. खाली दारिद्र्य, वर कीर्ती, मध्ये जिद्दीचा जिना. सत्कार समारंभात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, रविवारच्या पुरवण्यांत आपण हीच गोष्ट सांगत असतो, आणि तिच्यात सगळा भार एका प्रत्ययावर असतो: ‘तून’. हालअपेष्टांतून, गरिबीतून, संकटातून. ‘विहिरीतून पाणी काढले’ या वाक्यात निदान काढणारा आणि दोर असतो. ‘गरिबीतून कलावंत घडला’ या वाक्यात दोर कुणाच्या हातात होता, हे विचारायची सोयच राहत नाही.

तर आधी सूझाचीच गोष्ट पुन्हा, जरा सावकाश.

त्याचा जन्म १२ एप्रिल १९२४चा, साळगावचा. गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा. वडील शिक्षक होते. मुलगा तीन महिन्यांचा असताना ते गेले, आणि त्यानंतर थोड्याच काळात मोठी बहीणही गेली. आई त्याला घेऊन मुंबईला आली. म्हणजे लंडनला जाण्याच्या कितीतरी आधी हा मुलगा एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत गेलेला स्थलांतरित होता. त्या काळच्या गोवेकरांना धोबीतलावाच्या आसपासच्या ‘कुडीं’चा आधार असे. एकेका गावाने आपल्या माणसांसाठी चालवलेली ती बिऱ्हाडे. बोटीवर जाणारे खलाशी आणि आचारी तिथे आपली ट्रंक ठेवत आणि पुढच्या बोटीची वाट पाहत. आईने शिवणकाम करून संसार ओढला. मुलाला देवी आल्या. तो वाचला, पण तोंडावर वण राहिले. आईने सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस बोलला होता, म्हणून ‘न्यूटन’च्या आधी ‘फ्रान्सिस’ आले. मुलाने पाद्री व्हावे अशी तिची इच्छा होती.

मुलगा सेंट झेवियर्स शाळेतून काढला गेला. कारण, शौचालयाच्या भिंतींवरची अश्लील चित्रे. दुसऱ्यांनी काढलेली चित्रे वाईट होती, ती आपण फक्त दुरुस्त केली, असे तो पुढे सांगत असे. मग जे. जे. तिथूनही १९४५ साली राजकीय चळवळीत भाग घेतल्यामुळे काढला गेला. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे असे सहा जण त्यात होते. १९४९ साली त्याची चित्रे अश्लील ठरवून प्रदर्शनातून काढण्यात आली, पोलिसांनी त्याच्या खोलीची झडती घेतली आणि त्याच वर्षी तो बोटीने इंग्लंडला गेला.

इथून पुढे गोष्ट सांगताना मी वर्गात नेहमी घाई करते. १९४९ला गेला, १९५५ला प्रसिद्ध झाला: फळ्यावर दोन आकडे आणि मध्ये एक बाण. पण त्या बाणात सहा वर्षे आहेत. युद्धानंतरचे, अजून शिधापत्रिकेवर जगणारे लंडन, आणि तिथे एक काळा, वण असलेला, तिखट जिभेचा माणूस. चित्रे विकत नव्हती. लेख लिहून थोडे पैसे मिळत. घर बरेचसे चालले ते पत्नी मारियाच्या कमाईवर. पुढे ते लग्न टिकले नाही. १९५५ साली स्टीफन स्पेंडर ज्याचे संपादक होते त्या ‘एन्काउंटर’ मासिकात त्याचा ‘निर्वाणा ऑफ अ मॅगट’ हा आत्मपर निबंध आला आणि त्याच वर्षी व्हिक्टर मस्ग्रेव्हच्या ‘गॅलरी वन’मधल्या प्रदर्शनातली चित्रे विकली गेली. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे की या चित्रकाराचे दार आधी एका निबंधाने किलकिले केले. पुढच्या वर्षी हॅरॉल्ड कोव्हनर नावाचा अमेरिकन संग्राहक भेटला आणि चित्रांच्या बदल्यात काही वर्षे नियमित पैसे देत राहिला. मग दारू, मग ती सोडणे, १९६७ साली न्यूयॉर्क आणि तिथली वाढत गेलेली उपेक्षा. मार्च २००२मध्ये मुंबईला आलेला असताना तो वारला आणि शिवडीच्या दफनभूमीत पुरला गेला. ‘बर्थ’ची लिलावातली किंमत, २००८ साली सुमारे २५ लाख डॉलर आणि २०१५ साली ४० लाखांच्याही वर, हे सगळे त्यानंतरचे. ‘शेवटी चांगलं झालं’ त्यातला ‘शेवट’ त्याच्या वाट्याला आलाच नाही.

हे सारे मला इतके तोंडपाठ असण्याचे कारण माझा कलेतिहासाचा अभ्यास नव्हे. कारण आमचे अण्णा.

अण्णा निपाणीच्या बाजूच्या एका खेड्यातून १९६१ साली कोल्हापूरला आले, सतराव्या वर्षी, सातवी करून. तंबाखूच्या वखारीत राबायचे नाही एवढेच ठरवून. सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या एका उस्तादाच्या हाताखाली डबे धुण्यापासून सुरुवात केली. त्यांचे गाव अजून म्हैसूर राज्यात, भाषा मराठी आणि पोटाचे गाव कोल्हापूर. तेव्हा स्थलांतर हा शब्द त्यांनाही लागू आहे, अंतर चाळीसएक किलोमीटरचेच असले तरी. पुढे स्वतःचे दुकान टाकले. किराणा, सलून, ‘येथे उत्तम प्रतीचा गूळ मिळेल’, ट्रकच्या फळ्या, गाड्यांच्या नंबरप्लेटा, निवडणुकीत भिंती. चॉकने आखणी, निळीत भिजवलेली सुतळी ताणून मारलेली सरळ रेघ, मग एनॅमल. डाव्या हातात टेकू द्यायची काठी, उजव्या हातात सपाट ब्रश, आणि ‘श्री’ची वेलांटी एका दमात.

गावात सगळे त्यांना ‘पेंटर’ म्हणत. बाहेरच्यांना हा शब्द मजुरीचा वाटतो. कोल्हापुरात तसे नाही. इथे बाबूराव मेस्त्री ‘पेंटर’ झाले आणि त्या शब्दाचे आडनाव झाले. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता दामल्यांच्या साथीने कॅमेरा तयार करणारा आणि १९२०मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणणारा माणूस ज्या गावाने पाहिला, त्या गावात बोर्ड रंगवणाऱ्यालाही पेंटर म्हणवून घेताना मान थोडी ताठ ठेवता येते. अण्णा ठेवत असत.

बोर्डांच्या कमाईतून कळंब्याला अडीच गुंठे जागा घेतली. तेव्हा इकडे ऊस होता, पलीकडे तुरुंगाची भिंत आणि त्यापुढे तलाव. रविवारी सकाळी अण्णा तलावावर जात. घरी परतताना हातात एक कागद असे. जलरंगातले पाणी, बांध, म्हशी, पलीकडचा डोंगर. तेच दृश्य, वर्षानुवर्षे. आई म्हणे, “तळं तेच, म्हशी त्याच. निदान आपल्या दारातली जास्वंद तरी काढा.” त्या कागदांचे आणि जलरंगांचे पैसे बोर्डांच्या कमाईतून येत नसत. ते घर, फी, किराणा यांतच संपत. ते येत आईच्या मशीनवरून. परकर, पोलकी, पुढे साडीला फॉल आणि पिको. हे मला खूप उशिरा कळले, तिची हिशेबाची वही हाती आल्यावर. ‘दोरा ६, काज ४, रंग ४०’.

सूझा त्यांना भेटला तो एका जुन्या दिवाळी अंकात. रद्दीवाल्याकडून अंक आणायची त्यांना सवय होती. कपाळात डोळे असलेले एक डोके होते, काळ्या रेघांनी नुसते करकचून आवळलेले. मला ते पाहून किळस आली होती. मी अकरावीत होते. अण्णा म्हणाले, “तोंड बघू नको. रेघ बघ. ह्यानं एक रेघ पुसलेली न्हाई. आमच्यासारखंच, एनॅमलला खोडरबर नसतं.” सूझावरची समीक्षा मी त्यानंतर बरीच वाचली. जॉन बर्जरने १९५५मध्येच त्याच्याविषयी लिहिले होते, १९६२मध्ये एडविन मुलिन्सचे पुस्तक आले. पण त्या रेषेविषयी याहून नेमके मी अजून वाचलेले नाही. (हा माझा पक्षपात असेल. असू दे.)

अण्णांना त्या सहा जणांतला आरा अधिक जवळचा वाटे, हे उघड आहे. हैदराबादजवळच्या बोलारममध्ये जन्मलेला, लहानपणी मुंबईला पळून आलेला, घरगड्याची आणि गाड्या धुण्याची कामे केलेला आरा. त्याच्याकडे लक्ष गेले ते रूडी फॉन लायडन यांच्यासारख्या, युरोपातून परागंदा होऊन मुंबईला आलेल्या जाणकारांचे. ही मला नेहमी विलक्षण वाटणारी गोष्ट आहे. हिटलरमुळे देशोधडीला लागलेली दोन-चार माणसे त्याच वेळी त्याच शहरात नसती, तर गाड्या धुणारा आरा गाड्याच धूत राहिला असता की काय? हा प्रश्न आराच्या गुणवत्तेविषयीचा नाही. गुणवत्ता दिसायला समोर डोळेही लागतात, एवढेच.

आणि सहावा, सदानंद बाकरे. मूर्तिकार, जे. जे.चा. १९५१ साली तोही इंग्लंडला गेला. तोच गट, तेच शहर, तशीच थंडी आणि हाताला मिळेल ते काम. तिथे तो चित्रांकडे वळला, प्रदर्शनेही झाली, पण बाण काही ‘यश’ या शब्दापर्यंत पोचला नाही. १९७५ साली तो परत आला आणि दापोली तालुक्यातल्या मुरूडला समुद्रकाठी जाऊन राहिला तो कायमचा. डिसेंबर २००७मध्ये तिथेच वारला. २००५ साली आमच्या विभागाची सहल मुरूड-हर्णैला गेली होती. महर्षी कर्व्यांचे गाव म्हणून मुरूड पाहिले, हर्णैला मासळीचा लिलाव पाहिला, सुवर्णदुर्ग किनाऱ्यावरूनच पाहिला. आधुनिक भारतीय कलेच्या त्या सहांपैकी एक जण त्याच गावात आहे, हे आम्हा सात प्राध्यापकांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. कुणी मुद्दाम लपवले नव्हते. विचारायचे सुचलेच नाही.

सूझा आणि बाकरे यांच्या हालांत काही मोजता येण्याजोगा फरक होता असे मला वाटत नाही. म्हणून ‘हालांतून कला’ हे समीकरण मला मान्य नाही. हाल दोघांनी सारखेच दिले असतील. वेगळे होते ते पुढचे: एक निबंध, एक संपादक, एक गॅलरीवाला, एक संग्राहक. कुणीतरी काहीतरी घेऊन कुठल्यातरी दारापर्यंत जाते आणि दार वाजवते.

इथवर मी आले, आता पुढचे सांगणे भाग आहे.

१९९८ साली माझा मुंबईत तीन आठवड्यांचा उजळणीवर्ग होता. निघायच्या आदल्या रात्री अण्णांनी एक पिवळा लिफाफा माझ्या हातात ठेवला. डिंकाने नीट बंद केलेला. वर फोर्टातल्या एका कलादालनाचे नाव, बोर्डावर काढावे तशा अक्षरांत, खाली शेडसुद्धा. “चित्रांचे फोटो हायत. जाशील तवा दे. घाई न्हाई.” मी नोकरीला लागून सहा वर्षे झाली होती. समीक्षेत नवे नवे शब्द शिकले होते.

दुसऱ्या रविवारी गेले. दालनाच्या समोरच्या पदपथावर उभी राहिले. काचेतून आतली माणसे दिसत होती, पांढऱ्या भिंती, भिंतीवर अंतर ठेवून लावलेली मोजकी चित्रे. मला एकाएकी लिफाफ्यावरची ती शेड दिसली. लाल अक्षर, काळी सावली, ‘येथे उत्तम प्रतीचा गूळ मिळेल’सारखी. आत जाऊन तो लिफाफा टेबलावर ठेवणारी मी, माझे कोल्हापुरी हेल, आणि फोटोतल्या म्हशी. पाच मिनिटे झाली असतील. मी रस्ता ओलांडला नाही. दालनातल्या कुणी मला हाकलले नाही, कुणी हसले नाही, कुणी पाहिलेसुद्धा नाही. नंतर चर्चगेटपर्यंत चालत गेले आणि उसाचा रस प्याले, हे मात्र लख्ख आठवते.

घरी आल्यावर म्हणाले, “दिला. बघून कळवतो म्हणाले.”

अण्णांनी फक्त मान डोलावली. फोटो परत आले का, हे त्यांनी पुढे कधीच विचारले नाही. मला वाटे, विसरले. साधारण २००४-०५च्या सुमारास फ्लेक्स आले आणि दोन वर्षांत दुकान बसले. एका रात्रीत छापून मिळणारा, मालकाच्या फोटोसकट बोर्ड असताना वेलांटीसाठी कोण थांबणार? ते तलावावर मात्र जात राहिले. २०११मध्ये गेले.

आता ती अडीच गुंठे जागा बिल्डरला द्यायचे ठरले आहे. भावाचा निर्णय चूक नाही. घर जुने झाले आहे, आईला जिने-पायऱ्या होत नाहीत, आजूबाजूला सगळीकडे चार-चार मजले उठले आहेत. माळ्यावरची ट्रंक खाली काढली तेव्हा तिच्यात एकशे बारा कागद निघाले. काहींना वाळवी, बरेचसे चांगले. भाऊ म्हणाला, “ताई, तू सांग काय करायचं. मला त्यातलं कळत नाही.” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

कोल्हापुरात आबालाल रहिमानांची एक आख्यायिका सांगतात. जे. जे.त शिकून परत आलेला, कोटितीर्थाच्या काठी फकिरासारखा राहिलेला हा थोर चित्रकार. शाहू महाराजांनी त्याला आश्रय दिला. महाराज १९२२मध्ये गेले तेव्हा त्याने आपली चित्रे कोटितीर्थात सोडली म्हणे. लहानपणी मला ही गोष्ट फार भव्य वाटे. आता ट्रंकेपुढे बसून वाटले, ज्याने चित्रे पाहिली होती त्याच्यासाठी तरी ती बुडवता येतात. न पाहिलेली चित्रे कशी बुडवायची?

चार दिवस मी त्या कागदांवर पेन्सिलीने आकडे घालत बसले. मागच्या बाजूला अण्णांनी तारखा टाकल्या आहेत, क्वचित दोन शब्द: ‘पाणी कमी’, ‘पाऊस नाही’, ‘नवा ब्रश’. १९७२च्या दुष्काळातला तलाव आहे. भेगाळलेला तळ, आणि त्या तळावरून चालणारी माणसे. ते चित्र चांगले आहे. वडिलांचे आहे म्हणून नव्हे. सगळीच चांगली नाहीत, हेही लिहून ठेवते. निम्म्याहून अधिक नुसता सराव आहे. पण पाचसहा अशी आहेत की तिथे हात लांबला आहे, आणि म्हशी राहिलेल्या नाहीत. नुसते तीन आडवे पट्टे आहेत, आणि मधल्या पट्ट्यावर एक न पुसलेली रेघ.

आई शेजारी बसून बघत होती. मी तिला लिफाफ्याचे सांगितले, सत्तावीस वर्षांनी. ती म्हणाली, “तुझ्या कपाटात होता न्हवं? पुस्तकांमागं. त्याच दिवाळीला साफसफाईत बघितला मी.”

“अण्णांना सांगितलंस?”

“मी कशाला सांगू,” ती म्हणाली, आणि थोडे थांबून, “तुझं कपाट ते पण पुसायचे की कधी कधी.” मग तिने दुसऱ्याच कागदाकडे बोट दाखवून हा कुठल्या सालचा ते विचारले.

त्या रात्री लिफाफा फोडला. डिंक वाळून खपल्या झाला होता. आत बारा रंगीत फोटो, एकमेकांना थोडे चिकटलेले. दुष्काळातला तलाव पहिलाच. सोबत वहीच्या कागदावर पत्र. अर्ज लिहितात तसे, डाव्या बाजूला समास सोडून. माझे वय ५४, शिक्षण सातवी, धंदा बोर्ड पेंटिंग, चित्रे स्वतःची असून कुणाची नक्कल नाही. चित्रे पसंत न पडल्यास फोटो परत पाठवण्याची तसदी घेऊ नये. फक्त पाहिली एवढे कळवावे, त्यासाठी कार्ड जोडले आहे.

कार्ड होते. पत्त्याच्या बाजूला त्यांचे नाव, मु. पो. कळंबा, ता. करवीर, जि. कोल्हापूर. या अक्षरांना शेड दिलेली नव्हती. मागची बाजू कोरी.